खड्ड्यातली कातरन

नाही नाही ताई, तसं नाही — आमी थेंबाच्या विरोधातले लोक नाही. काल ज्या बाई येऊन गेल्या त्यांनी तुमाले सांगतलं असन, की कोष्टी मोहल्ल्यात भूपेंद्रच्या घरी पोरगं लपवून ठेवलं आहे, बुढी दारात आडवी होते, पोलिओ पाजू देत नाही — हो, माझी माय आडवी झाली हे खरं आहे. दारावरची तुमची फुली तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढली हे बी खरं आहे. तिले लाज वाटली. साऱ्या गल्लीच्या दारावर खडूनं पी लिहिलेलं, म्हणजे पाजून झालं, अना आमच्या एकट्याच्या दारावर फुली — जसं काही घरात चोर सापडला. पण फुली पुसल्यानं काय होते, तुमी आज परत आल्याच. फुलीच्या घरी परत यावंच लागते तुमाले, तुमचं कामच आहे ते. या. आत या. चपला राहू द्या. त्या मधल्या दरवाज्याकडे तेवढं जाऊ नका — इथंच बसा, स्टुलावर. हातमागाले टेकू नका, सुताचा ताणा चढवलेला आहे. डब्बा सावलीत ठेवा, बरफ वितळन.

ही पाहा चिठ्ठी. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची आहे. सही आहे, शिक्का आहे. खाली लिहिलं आहे — तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत या बाळाले जिवंत लस देऊ नये, तोंडावाटे बी नाही अना सुईनं बी नाही. काल मी घरी असतो तर कालच दाखवली असती, मी सूत आणायले गेलो होतो. मायले वाचता येत नाही, तिनं आपलं नाही म्हणून दार लावलं. — हो, काढा ना फोटो. पाठवा तुमच्या साहेबाले. त्यायचा फोन येईपर्यंत बसा मंग, उन्हात कायले उभं राहता. पाणी देऊ का? मी हात धुतलेले आहेत. दिवसातून वीस डाव धुतो आता, कातडी निघून राहिली, हे पाहा.

मी बोलत नाही ताई कोणाशी. माय म्हणते, धोटा बी इकडून तिकडं जाताना खट करते, हा तेवढं बी करत नाही. नववीत शाळा सोडली ती बी याच्यासाठी — गुरुजीनं उभं करून विचारलं की येत असलेलं उत्तर बी पोटात जात होतं. पण या एका गोष्टीचं सांगणं माझ्याच वाट्याले आलं. दवाखान्यात सांगतलं, आशाबाईले सांगतलं, अंगणवाडीत सांगतलं. विनोदले सांगतलं — हा शेजारचा — तर तो म्हणते, पोराले काय लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवलं का बे, मुरल्यावर काढशीन? हासलो मी. काय करणार. थकलो आता सांगून सांगून. तुमाले बी सांगतो. एक डाव अजून.

दोन वर्षांआधी आमाले पोरगी झाली होती. हर्षा. तिले सारं दिलं होतं — जन्मल्याबरोबर दंडावरची सुई, तोंडात थेंब, याच दारावर पी लिहिलेलं होतं तवा. लसीची चूक नाही, हे मी पहिलेच सांगून ठेवतो, पायजे तर लिहून घ्या. विनोदच्या पोराले तीच लस दिली, त्याच दिवशी, अना तो आता रोज गल्लीत धावता धावता पडून गुडघे फोडते. साऱ्या पोरायले द्यायलेच पायजे. लस म्हणजे हातपाय बांधून पाठवलेला चोर — घरातल्यायनं त्याचं तोंड पाहून ठेवावं, खरा आला की धरावं. पण घरात पाहणारंच कोणी नसन तर? मंग बांधलेला चोर बी गाठ सोडवून घेते. हर्षाचं तसं झालं. तीन महिने पोरगी चांगली. गुबगुबीत. मले पाहून हासे. मंग तोंडात पांढरं आलं, ते जाईना. खोकला लागला. दंडाची सुई चिघळली, काखेत गाठ आली. वजन वाढायचं ते उतरायले लागलं. मोहाडी झालं, भंडारा झालं, मंग नागपूर. साडेपाच महिन्याची होती. — नाही, ठीक आहे. तुमी विचारलं म्हणून सांगतलं. विचारलं नाही का तुमी? बरं. माझंच काही तरी.

मंग त्या नागपूरच्या मॅडमनं मले समजावून सांगतलं, काय झालं होतं ते. तिचं रक्त त्यायनं आधीच घेऊन ठेवलं होतं, आमचं दोघायचं बी घेतलं होतं. मले म्हणल्या, तुम्ही काय काम करता? मी म्हणलो, विणतो. कोसा रेशीम विणतो, हातमागावर. तर त्या जराशा हासल्या, म्हणल्या, मग तुम्हाला सोपं आहे, अन् चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूनं काढून दाखवलं. सांगू? फोन यायचा आहे ना अजून तुमचा. हे असं आहे ताई — आपल्या अंगातल्या एकेका पेशीत एक लांब सूत असते, त्याच्यावर सारं लिहिलेलं असते, नाक कसं करायचं, केस कसा करायचा. साऱ्या पेशी ते सूत जसंच्या तसं जपतात, कोणी त्याले हात लावत नाही. फक्त रक्तातल्या काही पेशी, रोगाशी लढणाऱ्या, त्या आपलंच सूत कापतात. हो, आपल्या हातानं. असं समजा, तीन डब्बे ठेवले आहेत सुताच्या कांड्यायचे. पहिल्यात चाळीस रंगाच्या कांड्या, दुसऱ्यात पंचवीसेक, तिसऱ्यात सहा. पेशी काय करते — पहिल्यातली एक घेते, दुसऱ्यातली एक, तिसऱ्यातली एक, अना मधातलं सारं सूत कापून फेकते अना या तिघायले गाठ मारते. झाला तिचा काठ तयार, लुगड्याच्या काठासारखा. दुसरी पेशी दुसऱ्या तीन कांड्या उचलते, तिचा काठ वेगळा. चाळीस गुणिले पंचवीस गुणिले सहा — सहा हजार होते, मी केलं आहे. एकेका काठाले असे दोन पदर असतात; हा झाला एका पदराचा, दुसऱ्याचा वेगळा असते, दोन्ही मिळून लाखात जाते. अना गाठ मारताना पेशी चार धागे आपल्या मनानं टाकते नाहीतर दोन तोडते, त्याच्यानं तर हिशेबच राहत नाही. कोटी कोटी काठ. दोन पेशींचा काठ सारखा निघणं कठीण. त्यालेच म्हणतात ते, अँटीबॉडी. तो काठच.

मी विचारलं त्यायले — मी विचारलं, ताई, मी — की एवढे काठ कायले? तर म्हणल्या, रोग कसा येईल हे अंगाला माहीत असतं का? नसते. हे आमचंच आहे ना. गिऱ्हाईक कोणता काठ मागन, कोणाले माहीत? आमी मागितल्यावर विणायले बसतो. अंग तसं करत नाही. गिऱ्हाईक यायच्या पहिलेच ते साऱ्या जगाचे काठ विणून ठेवते, अना रोग आला की ज्याचा काठ जुळला त्या एका विणकराले म्हणते, तू विण, रात्रंदिवस विण, बाकीचे बसा. अना एक गोष्ट — कापलं ते कापलं. त्या पेशीले परत आपलं जुनं सूत भेटत नाही. मरेपर्यंत तोच एक काठ. मले हे लय पटलं. गाडीत येताना मी तो कागद चार डाव काढून पाहिला.

हर्षाच्या अंगात कांड्या साऱ्या होत्या. तिन्ही डब्बे भरलेले. कैची नव्हती. ती कैची कशी करायची हे बी त्याच सुतावर लिहिलेलं असते, तिची तीच ओळ बिघडलेली. कापताच येत नाही म्हणल्यावर गाठ कायची मारन. एक बी काठ नाही. एवढ्याशा अंगात कोटी विणकर बसलेले, अना कोणाच्या हाताले काम नाही.

तिकडे काय पाहून राहिल्या? — पाळणा आहे तो. कुरकुर त्याच्या दोरीची. कामिनी झोका देऊन राहिली, माझी घरवाली. बाबूले आज एकोणीस दिवस झाले. त्याचं नाव नाही ठेवलं अजून, बारसं बी नाही केलं. ते दोघं आत, त्या खोलीत, आतून कडी. मी ताट त्या खिडकीच्या झडपेतून देतो. मी बाहेर फिरतो ना, बाजारात जातो, सूत आणतो — मी नाही जायचं आत. दोन डाव पाहिलं मी त्याले जवळून. एक डाव दवाखान्यात, अना एक डाव गाडीतून उतरवताना. कान माझ्यासारखे आहेत.

कारण असं आहे की बाबूले बी ते असू शकते. चारात एक. पोरगा असो का पोरगी. म्हणून जन्मल्यावर त्यायनं टाचेतून चार थेंब रक्त घेतलं, जाड कागदावर टिपलं. अना तपासतात काय, सांगा. नाही येणार तुमाले. मॅडम म्हणल्या, तो मधातला कापून फेकलेला तुकडा असतो ना, तो गोल होऊन पेशीतच पडून राहतो, आम्ही ते गोल तुकडे शोधतो. मी म्हणलो, म्हणजे खड्ड्यातली कातरन. त्यायले समजलं नाही. मंग मीच समजावून सांगतलं. इकडे या, वाका जराशा, मागाच्या खाली पाहा — हा खड्डा, याच्यात पाय सोडून बसतो आमी. ते रंगीत बारीक बारीक पडलेलं दिसते का? ताण्याले सांध देताना, तुटलेला धागा जोडताना जे तुकडे कापतो ते खाली पडतात. माझा बाप, कैलाश, तो बाजारातून आला की कापड नाही पाहत होता. सरळ खड्ड्यात पाहत होता. कापड तर काय, लोंबकळलेलंच असते. ताजी कातरन पडली आहे म्हणजे पोरगं बसलं होतं कामाले. मी एक डाव तलावावर मासे धरायले पळालो होतो, आल्यावर घाईघाईत कालचे तुकडे उचलून खड्ड्यात टाकले. बापानं पाहिलं, म्हणे, लाल ताण्याखाली हिरवी कातरन कशी पडली बे? लय मारलं. — तर तेच शोधून राहिले ते बाबूच्या रक्तात. कातरन आहे म्हणजे कैची चालून राहिली. काही नाही सापडलं, म्हणजे खड्डा साफ, म्हणजे कोणी बसलंच नाही मागावर.

सापडली तर कामिनी कडी काढून बाबूले घेऊन बाहेर येणार, अन् तुमी त्याच मिनिटाले थेंब पाजा, मी तोंड धरतो त्याचं. असं ठरलं आहे आमचं. नाही सापडली तर ती कडी नागपूरले जाईपर्यंत निघायची नाही. दुसऱ्याच्या हाडातला मगज द्यावा लागते मंग. बापाचा अर्धा जुळते म्हणतात, अर्ध्यावर बी होते आता. रोग लागायच्या आत गेलं पायजे तेवढं. हर्षाच्या वेळी लागून चुकला होता. लवकर गेले तर पोरं वाचतात. बहुत वाचतात.

आला आहे. रिपोर्ट. — हो, तोच, तो फोन मागावर पडलेला. सकाळी दहाले मेसेज वाजला. मी कांडी बदलून राहिलो होतो, नाव पाहिलं दवाखान्याचं, अना फोन उलटा ठेवला. तवापासून माग बंद आहे. चार घंटे झाले असतील. माय देवळात गेली ती बी आली नाही. उघडतो आता, उघडतो, म्हणतो, तेवढ्यात तुमी आल्या. बरं झालं. नाही, बरं नाही झालं — काय सांगू. तुमी बसल्या आहे तोपर्यंत मले उघडावं लागत नाही.

चारात एक कसं? ते — ते असं की कैचीची ओळ प्रत्येकाजवळ दोन डाव लिहिलेली असते. एक मायकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते, माणसाले पत्ताच लागत नाही. माझी एक बिघडलेली आहे. कामिनीची बी एक. तीच. त्याच जागी, त्याच अक्षरावर. दोघांची बिघडलेलीच पोराच्या वाट्याले आली की कैची नाही. — योगायोग कायचा ताई. कामिनी माझ्या सख्ख्या मामाची पोरगी आहे. अड्याळची. टिकाराम मामा, मायचा धाकटा भाऊ. आमच्यात करतात मामाची पोरगी, भाच्याचा पहिला हक्क असते, पत्रिका बी पाहत नाही कोणी. अना आमी कोष्टी, आमाले तर ते सुतासारखंच वाटते — म्हणजे असं, की सांध द्यायची तर एकाच लॉटच्या सुतानं द्यावी. दुसऱ्या लॉटचं घेतलं की रंगात फरक पडते, गाठ उठून दिसते. माय लग्नात साऱ्या बायायले सांगत फिरत होती, माझ्या घरात एकाच लॉटचं सूत आहे वो, सांध शोधून दाखवा. कोणाले दिसली नाही. कशी दिसन. पण एका लॉटमधी एके जागी सूत कच्चं असलं ना, तर ते साऱ्या लडीत त्याच जागी कच्चं असते. हे बी आमाले माहीत आहे. पन्नास डाव फटका खाल्ला आहे त्याचा मागावर. फक्त माणसाले लावून नाही पाहिलं कोणी.

मायले दोष नाही देत मी. मायनं विचारलं होतं. कामिनीले बारावीत चांगले टक्के होते, नर्सिंगचा फार्म भरला होता तिनं, अना पवनीकडून एक स्थळ बी आलं होतं, मास्तर होता पोरगा. माय म्हणे, भूपेन, मामा विचारून राहिला, हक्क सोडायचा का? मी जिंदगीत कोणाले काही मागतलं नाही. चहात साखर कमी असली तरी पिऊन घेतो. तेवढं एक डाव तोंड उघडलं — म्हणलो, नाही, मले कामिनीच पायजे. माय चकितच झाली. तिच्या फार्मचं काय झालं, मी नाही विचारलं. तिले बी नाही विचारलं. तिच्यापाशी इंग्रजी आहे, माझ्यापाशी काय आहे.

तुमी नोंद नाही करून राहिल्या ना हे? — बरं.

मॅडमनं जवा सांगतलं, दोघांकडून अर्धं अर्धं, तवा मी एकटाच होतो. कामिनी अड्याळले होती, पोरगी गेल्यावर महिनाभर उठलीच नाही ती. मॅडम म्हणल्या, त्यांना सांगा, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की तिसऱ्या महिन्याच्या आत दोघं या. तेव्हाच तपासता येतं पोटातल्या पोटात, मग काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. दोन डाव सांगतलं. कागदावर लिहून दिलं, तिसऱ्याखाली रेघ मारली. मी हो हो म्हणलो. वरठीले उतरलो, मोटरसायकल काढली, घरी आलो, माय दारातच होती. काय म्हणले डॉक्टर? अना मी म्हणलो — काही नाही, नशीब. ते एवढं मोठं, सूत अना डब्बे अना कैची, सारं डोक्यात भरलेलं, अना तोंडातून निघालं काय, नशीब. मले वाटलं, उद्या सांगीन. मायले कसं सांगू की तुझ्या लॉटमधीच कच्चं होतं? मामाले कसं सांगू? अना कामिनीले — की मीच मागतलं होतं तुले? मंग माय आपल्या मनानंच म्हणायले लागली, हिचं दूध चांगलं नव्हतं. पोरगी दुधानं गेली. मी तिथंच बसलो होतो, इथं, या मागावर. ऐकलं. कामिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी धोटा मारला.

तवापासून काढा चालू आहे तिचा. दूध साफ व्हायचा. वैदूनं सांगतलेली मुळी आहे, कडू जहर. रोज पाट्यावर वाटते. पाट्याचा आवाज आला की मी माग जोरात चालवतो. दिवस राहिले, पहिला महिना गेला, दुसरा गेला, तिसरा — तो कागद इथं, या पाटीखाली होता, मी त्याच्यावर बसून विणत होतो, ताई. तिसरा बी गेला. आठव्यात तिनं हर्षाची टोपडी काढून उन्हात टाकली, तवा मी उठलो अना नागपूरले गेलो. मॅडम चिडल्या बी नाही. म्हणल्या, आता तरी आलात. घरी येऊन मी सांगतलं, डॉक्टर म्हणते दार बंद ठेवा. कायले, ते नाही सांगतलं. कामिनी म्हणे, माझ्या दुधापायी का? मी म्हणलो, पाहू रिपोर्ट काय येते. तिले आजही तेच वाटते. आत काढा पिऊन राहिली ती, रोज, बाबूले छातीले लावायच्या पहिले, भिऊन भिऊन.

अना खरं उलटंच आहे. उलटं आहे ताई पूर्ण. मॅडमनं तेच शेवटी सांगतलं होतं, मी जाता जाता विचारलं की मंग पहिले तीन महिने पोरगी एवढी चांगली कशी राहिली? तर म्हणल्या, तो काठ आईचा होता. पोटात असताना आई आपलं विणलेलं सारं बाळाच्या अंगावर घालून पाठवते. मंग दुधातून बी जराजरा देत राहते. आपल्या साऱ्या आयुष्याचे काठ, तिले झालेल्या एकेका तापाचे. ते कापड तीन-चार महिने टिकते, मंग विरते, तोपर्यंत पोरानं आपलं विणायले लागायचं असते. हर्षाजवळ आपलं काहीच नव्हतं, एक धागा नाही. ती जेवढं जगली, जेवढं हासली, ते कामिनीच्या कापडावर हासली. तिच्या दुधानं मारलं नाही. दोन्ही हातानं झाकून ठेवलं होतं तिनं पोरीले, तिले माहीत बी नाही, अना मी —

थांबा.

पाळणा थांबला. मघापासून कुरकुर होती ना? — कधी थांबला? तुमी आयकलं का? रोज या वेळी माग चालू राहते, खटखटीत इकडचं तिकडे जात नाही. आज माग बंद आहे. मी किती जोरात बोलून राहिलो होतो ताई? मले समजत नाही, मले सवय नाही बोलायची.

कामिनी?

...

हो. आला आहे. सकाळी. — नाही, नाही उघडला. — हो. देतो. ताई, तो फोन द्या इकडे, अन् ती स्पिरिटची बाटली, खिडकीतली. पुसून द्यावा लागते. तूच पाहा कामिनी, तुले वाचता येते नीट. ती ओळ पाहा, गोल तुकड्याची, तिच्यासमोर आकडा असन. — घेतला. झडप लावली तिनं.

उभ्या काहून राहिल्या, बसा. कडी जुनी आहे, लोखंडी. काढली की साऱ्या गल्लीले आयकू जाते. आयका.

...

पाळणा आहे हा. कडी नाही. पाळणाच चालू झाला परत.

काय? — बरं. 'एकही नाही', म्हणते. एकही तुकडा नाही म्हणते.

हो, आयकून राहिलो. — सकाळची गाडी आहे, वरठीवरून. गर्दी नसते त्या गाडीले. — तोंडाले फडकं बांधून घेऊ साऱ्यायच्या. — हो, माझाच मगज. मी सांगतलं आहे मॅडमले, माझाच घ्या. — मायले? मी सांगतो. आज सांगतो. देवळातून आली की. सारं सांगतो.

झडप उघडली. फोन नाही, वाटी ठेवली तिनं. — काढा आहे, आजचा. भरलेली वाटी आहे, ओठ बी नाही लावला. मोरीत ओता, म्हणते.

तुमचा फोन वाजून राहिला ताई, घ्या. — थेंब नको, साहेब हो म्हणले ना? मंग लिहा फुली. दारावर नको, वर लिहा, चौकटीच्या वर, तिथं मायचा हात पुरत नाही. मोठी लिहा. अना तो डब्बा उचला, बरफ वितळला असन तुमचा, बाकीची पोरं वाट पाहून राहिली असतील.

जा तुमी.